वाट्याची झोप

लटारीबाबांना झोप यायला निमित्त लागत नसे. ते बैलगाडीत झोपत, कीर्तनात झोपत, न्हाव्यापुढे मान वाकवली की तिथंच घोरू लागत. मुलाच्या लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत मुठीत अक्षता धरून ते उभ्याउभ्या पेंगले होते, आणि ही गोष्ट माथोलीत अजून रंगवून सांगितली जायची. "बापानं घरची सगळी झोप एकट्यानंच उचलली," लोक म्हणत, "म्हणून पोराच्या वाट्याले काही उरलीच नाही."

पोरगा म्हणजे गुणवंत ढोके, वीज कंपनीचा वायरमन. माथोली आणि शेजारची दोन खेडी त्याच्याकडे होती. चंद्रपूर जिल्ह्यातला तो उन्हाळा असा होता की रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसे. घरोघरी कूलर एकदम सुरू होत, गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, भार येई आणि फ्यूज उडे. मग गुणवंतचा फोन वाजे. अंधारात बॅटरी तोंडात धरून तो काम करी, आणि पंखे फिरले की सगळ्या गल्ल्यांतून पोरांचा एकच गलका उठे, "आलीऽऽ!" हा गलका ऐकल्याशिवाय तो खांबाजवळून हलत नसे. पगार महिन्याला मिळायचा. हा गलका मात्र रोजच्या रोज मिळायचा.

त्याच वर्षी बाहेर उन्हात राबणाऱ्या सगळ्यांना ठिगळं वाटली गेली होती. सरकारी कागदावर त्यांचं नाव लांबलचक होतं, पण मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची ती कातडीच्या रंगाची पट्टी पाहून कुणीतरी 'ठिगळ' म्हटलं आणि तेच नाव पडलं. त्याच्या मधोमध एक ठिपका होता. रात्रभर ठिगळ लावून झोपायचं आणि सकाळी ठिपका पाहायचा. हिरवा असेल तर कामाला जा, पिवळा असेल तर दुपार टाळा, लाल असेल तर सावली सोडू नका.

त्यामागचं विज्ञान गावची आशा आरोग्यसेविका वनिता सगळ्यांना समजावून सांगायची. माणसाचं शरीर दोन वाटांनी थंड होतं. आतलं गरम रक्त कातडीकडे येऊन उष्णता बाहेर सोडतं, आणि घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. या वाटा कधी उघडायच्या ते मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटासा भाग ठरवतो, आणि झोपेच्या कारभारातही त्याचा हात असतो. झोप लागताना तळहात आणि तळपाय कोमट होतात ते उगाच नव्हे. शरीर तिथून आतली उष्णता सोडून देत असतं. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत काही जणांनी हीच गोष्ट धरून ठेवली. झोप लागताना तळहात किती लवकर तापतात आणि पहाटेपर्यंत आतलं तापमान किती खाली उतरतं, यावरून दुसऱ्या दिवशी त्या माणसाला घाम किती उशिरा सुटेल हे सांगता येतं, असं त्यांना दिसलं. झोप तुटलेली असेल तर दोन्ही वाटा उशिरा उघडतात, आणि तोवर आतला पारा वर चढून बसलेला असतो. फरक असतो फार तर अर्ध्या अंशाचा. सावलीत बसलेल्याला तो कळणारही नाही. पण सत्तेचाळीस अंशाच्या दुपारी, रबरी हातमोजे घालून, तापलेल्या खांबाला पट्ट्यानं बांधून घेतलेल्या माणसाला तो अर्धा अंश पुरतो. त्यातून जागरणानं डोकं जड झालेलं असल्यामुळे आपल्याला त्रास होतोय हेच त्याच्या उशिरा ध्यानात येतं.

ठिगळाचं खरं काम रात्रीचं होतं. दिवसा ऊन, धूळ आणि हातमोजे यांच्यामुळे त्याला नीट काही मोजता येत नसे, म्हणून सकाळी ठरलेला रंग दिवसभर तसाच राही. आणखी एक गोष्ट त्यात मुद्दामच ठेवली नव्हती. मनगट कुणाचं आहे हे ते ओळखत नसे. माणसं कधी झोपतात नि कधी जागतात याचा हिशेब भलत्याच्या हाती जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

वायरमनसाठी नियम साधा होता. ठिपका लाल असेल तर उन्हात खांबावर चढायचं परमिट नाही. आणि गुणवंतचा ठिपका जवळजवळ रोजच लाल असे.

"दुपारी डीपी गेली आन मी सावलीत बसून राहिलो, तं रात्री सगळं गाव उकडून निघते न," तो जेवताना बायकोला, कुंदाला म्हणाला. "गोदामावशीचं काय झालं, आठवते ना?"

कुंदाला आठवत होतं. मागच्या वैशाखात वीज रात्रभर आली नव्हती आणि पलीकडच्या गल्लीतली गोदामावशी सकाळी उठलीच नव्हती. त्या दिवशी गुणवंत शेजारच्या खेड्यात तार जोडत होता. कुणी त्याला दोष दिला नाही, पण तेव्हापासून तो फोन उशाशी न ठेवता छातीवर ठेवून पडू लागला.

लटारीबाबा भाकरी मोडता मोडता थांबले. "दे ते ठिगळ मले," ते म्हणाले. "मी झोपतो तुह्या वाट्याचं."

गुणवंत हसला. कुंदाही हसली. पण कुंदा ताटं घेऊन आत गेली तेव्हा गुणवंतनं मनगटावरची पट्टी हळूच सोलली आणि बापाच्या हातावर चिकटवली.

सकाळी ठिपका पानासारखा हिरवागार होता.

सबस्टेशनवर ऑपरेटर होती पौर्णिमा गेडाम. तिशी न गाठलेली, कामात चोख, आणि फोनवर प्रत्येक वाक्य परत म्हणायला लावणारी. परमिट देताना तिची पद्धत ठरलेली होती. कुठला फीडर, म्हणजे कुठली वीजवाहिनी, कुठला खांब, कुठलं काम, हे वायरमननं सांगायचं, तिनं पुन्हा उच्चारायचं, त्यानं 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच ती वीज बंद करायची. बाकीचे वायरमन तिला मागून 'शाळा' म्हणत.

"ठिपका?" तिनं विचारलं.

"हिरवा, मॅडम."

"अरे वा, ढोके दादा! कुंदावहिनींना माझा नमस्कार सांगा. झोपवलं वाटतं त्यांनी."

गुणवंतला क्षणभर काहीतरी टोचलं. पण पंखे फिरले, गलका उठला, आणि टोचलेलं विसरून गेलं. मग हे रोजचंच झालं. रात्री बाप झोपे, मुलगा धावे, आणि सकाळी बापाची झोप मुलाच्या मनगटावर परत येई. बाबांना या कामाचा मोठा अभिमान वाटू लागला. ते जेवण लवकर उरकत आणि "चला, ड्युटीवर जातो" म्हणून खाटेवर आडवे होत.

मग ती दुपार आली.

माथोलीच्या शिवारात दोन फीडरचे खांब शेजारून जातात. एक गावठाणाचा, म्हणजे घरांचा. दुसरा शेतीचा. गावठाणाच्या तारेचा जोड सुटला होता. गुणवंतनं परमिट घेतलं, गावठाणाचा फीडर बंद झाला आणि तो खांबाकडे चालू लागला. ऊन पांढरं झालं होतं. रोजगार हमीच्या बाया पलीकडे बाभळीखाली पाण्याच्या टँकरजवळ बसल्या होत्या, त्यांत कुंदाही होती. गुणवंतला ते सगळं दुरून, काचेआडून पाहिल्यासारखं वाटत होतं. तहान नव्हती. त्रासही नव्हता. उलट अंगात एक हलकंसं, बरं वाटणारं सुस्तपण होतं.

त्यानं खांबाला पट्टा घातला आणि रिवाजाप्रमाणे फोन केला. "मॅडम, चढतो."

"खांबाचा नंबर वाचा."

त्यानं वाचला.

"दादा, परत वाचा."

त्यानं परत वाचला. तोच नंबर, जरा ओढत, जिभेवर काहीतरी चिकटल्यासारखा. तो खांब शेतीच्या फीडरचा होता. त्या तारांत वीज होती.

पौर्णिमा ओरडली नाही. "दादा, एक सांगा मला. घाम येतोय का?"

हा काय प्रश्न, असं त्याला वाटलं. त्यानं हातमोजा काढून कपाळावरून हात फिरवला. हात कोरडा राहिला. कपाळ तव्यासारखं तापलेलं आणि वाळूसारखं कोरडं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"पट्टा सोडा. मी दोन्ही फीडर बंद केलेत. खाली बसा. जवळ कोण आहे? मोठ्यानं हाक मारा."

त्यानं हाक मारली की नाही ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही. पण कुंदा धावत आली हे आठवलं. बायांनी टँकरचा पाइप ओढत आणला आणि शर्टासकट त्याला भिजवलं. कुणी लुगड्याच्या पदरानं वारा घातला, कुणी काखेत ओली फडकी दाबली. वनिताला बोलावलं. तिनं ताप मोजला, नाडी पाहिली, आणि बराच वेळ पाणी मारून झाल्यावर पुन्हा मोजला.

"उंबरठ्यावरून परत आलात भाऊजी," ती म्हणाली. मग तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. ठिपका हिरवा होता. "पण हे असं कसं? हे ठिगळ बिघडलं का?"

"बिघडलं नाही बाप्पा," मागून आवाज आला. लटारीबाबा काठी टेकत, धापा टाकत तिथवर आले होते. "ते बरोबर सांगून राहिलं. ती झोप माही हाये."

कुणालाच काही कळेना. मग कळलं. बायांमध्ये एक दबकं हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण कुंदा उभी राहिली होती.

"तुमी दोघं बापलेक," ती म्हणाली, "काय समजून राहिले? झोप म्हंजे काय डबा हाये, एकानं भरायचा आन दुसऱ्यानं न्यायचा?" तिचा आवाज चिरकला. "मी इथं रोज त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहून देवाले हात जोडत होती. कोणाच्या झोपेसाठी जोडत होती मी?"

बाबांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच, डोळे उघडे असताना.

संध्याकाळी गुणवंतनं पौर्णिमाला सगळं आपणहून सांगितलं.

"दादा, तुमचा ठिपका बघून मी परमिट देत होते," ती म्हणाली. "तुम्ही पडला असता तर ते परमिट मी दिलेलं असतं."

"चुकलं, मॅडम."

"रजा टाकली आहे तुमची. आजचा जोड वरोऱ्याच्या माणसानं केलाय. यापुढे रोज सकाळी वनिताताईंसमोर ठिपका दाखवायचा, तुमच्याच हातावर. आणि झोपा. प्लीज झोपा."

पण झोप अशी सांगून येत नाही. रजेच्या पहिल्या रात्री डोळा लागला की छातीवरचा फोन वाजल्याचा भास होई. दुसऱ्या रात्री फोन खरोखरच वाजला, दोनदा. सकाळी ठिपका लाल. रजा संपली त्या दिवशी तो जेमतेम पिवळा झाला होता, आणि त्याच दिवशी संध्याकाळी वावधान सुटलं. कोरडं, धुळीचं, एक थेंबही न सांडणारं वादळ. त्यानं पत्रे उडवले, झाडं मोडली, आणि तालुकाभर तारा लोळवल्या. माथोलीचा जोडही गेला.

गुणवंतनं खुंटीवरून पट्टा काढला तेव्हा कुंदा दारात उभी होती. अंगणात सरपंच शालूताई होत्या, वनिता होती, सलूनवाला विठोबा होता. फोन स्पीकरवर ठेवला होता.

"अंधारात तुटलेल्या तारांवर एकट्याला परमिट नाही," पौर्णिमा सांगत होती. "दुसरा माणूस मागू नका, सगळे अडकलेत, दोन-तीन दिवस कुणी येणार नाही. दादांना उजाडल्याबरोबर, ऊन चढायच्या आत देईन. पण खरा हिरवा पाहिजे. पिवळाही चालणार नाही."

"एका रात्रीत होईल का?" शालूताईंनी विचारलं.

"सगळी भरपाई नाही होत," वनिता म्हणाली. "सकाळच्या कामापुरती होईल. गाढ झोप लागली तर."

"या उकाड्यात? बिना पंख्याची?" गुणवंत जवळजवळ ओरडला. "आन सकाळी लाल निघाला तं? तीन दिवस गाव असंच राहीन? म्हातारी माणसं हायेत, लेकरं हायेत—"

"म्हणूनच झोपा," कुंदा म्हणाली आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

त्याला अंगणातल्या खाटेवर निजवलं. भोवती ओली तरटं टांगली. विठोबानं सलूनमधला बॅटरीचा छोटा पंखा आणून पायाशी ठेवला. वनितानं त्याचे तळपाय आणि तळहात ओल्या फडक्यानं पुसले. "उष्णता इथूनच जाते," ती पुटपुटली, "आन झोप इथूनच येते." गुणवंत ताठ पडून राहिला. आता कशी झोप लागेल, असं त्याच्या मनात आलं. उशाशी बाबा येऊन बसले. त्यांच्या हातात जुना ताडाच्या पानाचा पंखा होता.

"बाबा, तुम्ही झोपा जी. तुम्हाले काही जमायचं नाही हे."

"चूप," बाबा म्हणाले.

वाऱ्याची एक झुळूक चेहऱ्यावरून गेली. मग दुसरी. पंख्याची काडी एका लयीत करकरत होती. फोन वाजणार नाही, हे त्याच्या अंगाला हळूहळू पटत गेलं. तळहात कोमट झाले. त्याला ते जाणवलं, आणि त्यापुढचं काही जाणवलं नाही.

तो उठला तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं, आणि काहीतरी चुकत होतं. आवाज नव्हता. कोंबडा नाही, कुत्रं नाही, देवळातली घंटा नाही. त्यानं तरट बाजूला सारलं आणि गल्लीत पाहिलं.

सगळी गल्ली जागी होती. माणसं ओट्यांवर, खाटांवर, जमिनीवर बसलेली, हातात सुपं, पुठ्ठे, वह्या, जे सापडेल त्यानं वारा घालत. कोंबड्यांवर टोपल्या झाकल्या होत्या. कुत्र्यांना लांब शेताकडे नेऊन बांधलं होतं. देवळाच्या घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलेलं दिसत होतं. लेकरू रडू लागलं की त्याला गावाबाहेर चक्कर मारून आणायचं, असंही ठरलं होतं म्हणे. म्हाताऱ्यांना समाजमंदिराच्या थंड फरशीवर ओल्या चादरींवर निजवलं होतं आणि वनिता रात्रभर त्यांच्यात फिरत होती. कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. त्याला उठलेला पाहून शालूताईंनी ओठांवर बोट ठेवलं, मग त्यांनाच आठवलं की आता गरज नाही, आणि त्या थकल्या तोंडानं हसल्या. वारा घालणाऱ्या मनगटांवर उजाडता उजाडता ठिपके दिसू लागले. लाल. ओळीनं लाल. कुंदाचाही लाल.

त्यानं स्वतःचं मनगट वळवलं. हिरवा.

उशाशी बाबा तसेच बसले होते. डोळे सुजून लाल झालेले, खांदा एका बाजूला झुकलेला, पण हातातला पंखा चालूच होता. खूप हळू, पण चालू.

"झोपले नाही तुम्ही?" गुणवंतनं विचारलं.

"डुलकी येऊन राहिली होती," बाबा म्हणाले. "कुंदानं चिमटे काढले."

गुणवंतनं तो पंखा त्यांच्या हातातून काढून घेतला. बोटं वाकडी होऊन दांड्याला चिकटली होती, ती एकेक करून सोडवावी लागली. त्यानं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथंच क्षणभर थांबला. मग पट्टा उचलला.

खांबाशी पोचल्यावर त्यानं फोन लावला.

"ठिपका?" पौर्णिमाचा आवाजही जागरणानं घोगरा झाला होता.

"हिरवा. वनिताताई इथंच उभ्या हायेत, विचारा." तो थांबला. "मॅडम, आज मी एकटाच हिरवा हाव. सारं गाव लाल हाये."

ती नेहमीसारखीच म्हणाली, "खांबाचा नंबर वाचा."

त्यानं वाचला. तिनं परत वाचला. "बरोबर," तो म्हणाला.

ऊन अजून कोवळं होतं. तारेला तार मिळवताना त्याच्या कपाळावर घाम फुटला, भुवईवरून ओघळून डोळ्यांत गेला आणि चुरचुरला. त्यानं तो पुसला नाही. खाली उतरून त्यानं परमिट परत केलं आणि तो गावात डीपीपाशी आला. पलीकडे सबस्टेशनात पौर्णिमानं बटण दाबलं. डीपी गुणगुणली. समाजमंदिराचा पंखा दारातून दिसत होता. तो आधी एकदा कुरकुरला, मग फिरू लागला. मग घरोघरी कूलरचा घरघराट सुरू झाला.

गुणवंत सवयीनं गलक्याची वाट पाहत उभा राहिला.

गलका उठला नाही. गल्लीत कुणी हललंही नाही. सुपं, पुठ्ठे हातांतून गळून पडले होते, आणि माणसं जिथं होती तिथंच, ओट्यांवर, खाटांवर, एकमेकांच्या खांद्यांवर झोपून गेली होती. अंगणातल्या खाटेच्या उशाशी भिंतीला टेकून बाबा घोरत होते. गुणवंत पाय न वाजवता चालत आला, शेताकडच्या कुत्र्यांना अजून सोडायचं नाही असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि फाटकाची कडी हातानं धरून, आवाज न होऊ देता, लावून घेतली.